हंसराणीचा वास

पूर्णिमाला नोकरी मिळाली ती नाकामुळं. बी.एस्सी. झाली होती, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका प्रयोगशाळेत बारा वर्षं काढली होती, पण ती प्रयोगशाळा बंद पडली आणि बेचाळिशीतल्या बाईच्या अनुभवाला बाजारात काय भाव असतो हे तिला वर्षभरात चांगलंच कळलं. नाक मात्र टिळकवाडीतल्या तिच्या बिल्डिंगमध्ये नावाजलेलं होतं. दूध नासायच्या आधी तिला कळायचं. खालच्या मजल्यावरच्यांचा गॅस गळतोय हे तिनं जिन्यातून जाता जाता सांगितलं होतं. तेव्हापासून शेजारणी तिच्याशी जरा जपूनच बोलायच्या. न जाणो, हिला आणखी काय काय कळत असेल.

निपाणीच्या त्या कंपनीत ती मुलाखतीला गेली तेव्हा मालक दिग्विजयनं तिच्यापुढं सात वाट्या मांडल्या. डोळ्यांवर रुमाल बांधून तिनं सातही मसाले ओळखले, वर धणे मागच्या वर्षीचे आहेत हेही सांगितलं. रुमाल सोडता सोडता सहज म्हणाली, “आणि इथं तंबाखूचा वास कुठून येतोय?”

दिग्विजय चौतिशीचा, पुण्यात शिकून आलेला, पांढरे बूट घालणारा माणूस. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मागोमाग सुटल्यासारखं काहीतरी. “येतो ना?” त्यानं हळूच विचारलं. “मला येत नाही. इथं कुणालाच येत नाही.” नेमणुकीचं पत्र त्यानं तिथल्या तिथं दिलं. तीन महिने कंत्राट, मग कायम.

कंपनी म्हणजे मुळात तंबाखूची वखार. दिग्विजयच्या आजोबांची ‘हंसराणी तपकीर’ एके काळी कोकणापासून सोलापूरपर्यंत जायची. मग तपकीर ओढणारे एकेक करून वर गेले, त्यांची नातवंडं ओढेनात, आणि दिग्विजयनं पुण्याहून सल्लागार आणले. सल्लागारांनी आधी नाव बदललं. ‘रानचूल मसाले’. पाकिटावर नऊवारीतली एक मुलगी चुलीपुढं बसून हसते. चूल धडधडून पेटलीय आणि हिच्या डोळ्यांत धुराचं पाणी नाही, यावरूनच ओळखावं की ही बाई जन्मात चुलीपुढं बसलेली नाही. नावानंतर भाव. दोनशेला मिळणारं तिखट साडेचारशेला लावलं, कारण स्वस्त ठेवलं तर गिऱ्हाइकाला शुद्धतेचा संशय येतो म्हणे. मग खाती पाडली, खात्यांना इंग्रजी नावं दिली. चाळीस वर्षं वखारीचे मुकादम असलेल्या सुबरावअण्णांना ‘वारसा सल्लागार’ केलं. म्हणजे पाहुणे आले की आजोबांचा फोटो दाखवायचा आणि उरलेला वेळ खुर्ची गरम करायची.

सगळं बदलून झालं आणि पाकिटं परत यायला लागली. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमच्या गोड्या मसाल्याला माझ्या आजोबांच्या कोटाच्या खिशाचा वास येतो.’

पूर्णिमाचं काम एवढंच, की माल हुंगायचा आणि वास नसेल तर कागदावर सही करायची. तिच्या सहीशिवाय पोतं हलणार नाही असा नियम दिग्विजयनंच केला होता. पहिल्याच दिवशी तिनं स्वतःला बजावलं, वास असेल तोवर सही नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, पण नाकाशी खोटं बोलायचं नाही. त्याच्याशिवाय दुसरं होतं काय तिच्याकडं?

तिच्या हाताखाली पाच पारखी होते. दिग्विजयनं मुद्दाम गावातलीच पोरं घेतली होती. स्थानिकांना रोजगार म्हणून पेपरात फोटो आला होता. पाचही पदवीधर, पाचही तंबाखूच्या घरातली. वास? त्यांना कसलाच वास येत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात पूर्णिमानं त्यांच्यापुढं पाच वाट्या मांडल्या. चारांत नुसती हळद, पाचवीत हळद आणि वर सुबरावअण्णांच्या डबीतली चिमूटभर तपकीर. पारख्यांतली थोरली दिपाली, तिनं पाचवी वाटी नाकाशी नेली, लांब श्वास घेतला, आणि शिंकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. डोळे पुसत म्हणाली, “चांगली हाय मॅडम. ताजी हळद.”

“दुसरा कसला वास?”

“न्हाय की.”

बाकीचे चौघेही शिंकले आणि चौघांनीही कागदावर तेच लिहिलं. नाकाला झोंबत होतं, शिंक येत होती, फक्त माणसाला कळत नव्हतं. हलवायाच्या पोराला साखरेचा वास विचारायला बसवावं, तसली ही भरती झाली होती.

तिनं दिग्विजयला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणून तर तुम्हाला बाहेरून घेतलं, मॅडम.” आणि फोनकडं बघायला लागला.

वास दिवसभर सारखा नसे. सकाळी तो कोपऱ्यात दबा धरून बसलेला असे. दुपारी बरोबर साडेतीनला उठायचा. आधी उत्तरेकडच्या भिंतीपाशी, मग हळूहळू पुढं, दोन रांगांनी चालत आल्यासारखा दारापर्यंत. पूर्णिमा त्या वेळी मधल्या दालनात उभी असली की तिच्या दोन्ही बाजूंनी कुणीतरी जातंय असं वाटायचं. पदर झाडावा आणि धूळ उडावी तसा वासाचा झोत तोंडावर यायचा. एकदा अगदी कानामागं शिंक ऐकू आली. तिनं वळून पाहिलं तर भर दुपारचं ऊन आणि पांढरी स्वच्छ जमीन. भूतबाधेवर तिचा विश्वास नव्हता, पण पायांचा होता बहुतेक. ते तिला तिथून आपणहून बाहेर घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी तिरप्या उन्हात तिला जमिनीतले खळगे दिसले. बशीएवढे, उथळ, दोन रांगांत. तिनं सुबरावअण्णांना बोलावलं.

“तीनदा वतलं, मॅडम,” अण्णा म्हणाले. “पुण्याचा मानूस आला, पांढरा लेप वतला, समतल केला. आठ दिसांत पुन्ना दबतंय.”

“पण आहे काय ते?”

“बायका बसायच्या तितं. अडतीस बायका. तंबाखू चाळायच्या. साडेतीनला चाळन थांबली की कापडं झाडून रांगंनं दाराकडं जायच्या.” अण्णांनी डबी काढली, उघडली नाही, परत खिशात ठेवली. “धाकल्या मालकानी सांगितलं हुतं, नव्या कंपनीत सगळ्यास्नी घेतो. खोटं न्हाय सांगत, त्येच्या मनात हुतं बी. पर भरती निघाली ती मोबाईलवर. फारम भरा, फोटू लावा, पदवी लिवा. चौघींनी नातवंडांकडनं भरून घेतला. उत्तर आलं, अनुभव न्हाय.” ते हसले. “चाळीस वर्सं तितं बसून फरशी झिजवली, आनि अनुभव न्हाय म्हनं.”

“मग आता कुठं आहेत त्या?”

“अकरा गेल्या. बाकीच्या हायत गावात. पर जित्या असूंदेत न्हायतर मेलेल्या, त्यातली एक बी फाटकाच्या आत पाय ठेवत न्हाय. मंग साडेतीनला हितं कोन येतंय, ते तुमीच सांगा. नाक तुमाला हाय.”



त्या बायकांतली मालुबाई फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर रोज येऊन बसायची. सत्तरी ओलांडलेली, काटक, एका डोळ्यानं अधू. पूर्णिमा एक दिवस तिच्याशेजारी जाऊन बसली आणि दोन चहा सांगितले.

“आक्का, तुम्हाला वास येत नाही का हो?”

“कसला गं?” मालुबाईनं चहात फुंकर मारली. मग तिला कळलं. “त्यो व्हय. माझं म्हायेर आजऱ्याकडं. लगीन हून ह्या गावात पाऊल टाकलं आनि वकले. तीन म्हैनं रोज वकत हुते. सासू म्हनायची, कळ काढ. एक दिस सकाळी उटले तर वास न्हाईच. म्या इचारलं, आत्ती, आज वखार बंद हाय व्हय? ती हसली. म्हनली, आता तू हितली झालीस.”

“मग बरं वाटलं असेल.”

“लई बरं वाटलं.” मालुबाईनं कप खाली ठेवला. “पर म्हायेरला गेले, तर आईनं घनसाळ भात केलेला. आक्खी गल्ली वासानं भरायची त्या भाताच्या. मला काय बी न्हाय. आईला म्या सांगितलं न्हाय. जेवले, चांगला झालाय म्हनले. त्येच्यानंतर मला कशाचाच वास कवा आला न्हाय, बाई.”

पूर्णिमानं मनातल्या मनात दिवस मोजले. दोन महिने आणि चार दिवस झाले होते.

तिला मालुबाईची गोष्ट खरी वाटली का? वाटली. पण आपल्याला तसं होईल असं कुणाला वाटतं? ती काळजी घेत होती. गावात भाड्याची एक खोली होती, तिथं कारखान्याचे कपडे वेगळे ठेवायची. शनिवारी सुटल्यावर खोलीवर जाऊन डोक्यावरून अंघोळ करायची, पिशवीत बांधून ठेवलेली धुतलेली साडी नेसायची आणि मगच बेळगावची एस्टी पकडायची. घरी नवरा ओमकार होता, शाळेत शिक्षक, आणि नऊ वर्षांची मंजुश्री. पोरीनं आईचंच नाक घेतलं होतं. आठवड्यानं आई आली की तिच्या मानेत तोंड खुपसून दोन मिनिटं तशीच राहायची. पूर्णिमा त्या दोन मिनिटांसाठी आठवडा ढकलायची, यात काही लपवायचं कारण नाही.

तिसरा महिना संपत आला आणि मुंबईच्या एका बड्या दुकानदार कंपनीची मागणी आली. त्यांची शंभर दुकानं होती. दिग्विजय तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“तुम्ही एकाही मालावर सही केलेली नाही, मॅडम. मी जबरदस्ती करणार नाही. पण हा ट्रक गेला नाही तर साठ माणसं घरी बसतील. त्यांत तुम्ही आलात, मीही आलो.” तो खरंच रडकुंडीला आला होता. “मी भिंती खरवडून घेतो. पुन्हा चुना मारतो. आणखी काय करू सांगा.”

त्यानं भिंती खरवडल्या. छपराची कौलं काढून धुतली, गटारं उपसली, चौथ्यांदा लेप ओतला. आठ दिवस कारखान्यात चुन्याचा आणि ओल्या सिमेंटचा वास घुमत होता. त्याखाली तंबाखू होताच. शुक्रवारी दुपारी साडेतीनला तो रोजच्यासारखा दारापर्यंत चालून गेला. पूर्णिमानं वहीत नोंद केली, ‘आहे’.

शनिवारी सकाळी ती आत शिरली आणि थबकली. वास नव्हता. ती उत्तरेच्या भिंतीला नाक लावून उभी राहिली. चुना. पोत्यात हात घालून मूठभर मसाला नाकाशी धरला. मसाला. साडेतीनपर्यंत तिनं वाट पाहिली. घड्याळात साडेतीन झाले, पावणेचार झाले, दालनातून कुणी गेलं नाही, काही नाही. जमीन सपाट होती. छातीवरचा धोंडा उतरावा तसं तिला झालं. तिला मालुबाई आठवली नाही असं नाही. आठवली, आणि तिनं तो विचार चुन्याखाली पुरला. भिंती खरवडल्या होत्या, कौलं धुतली होती, मग वास जाणारच की. माणसाला जे हवं असतं त्याला कारणं काही कमी पडत नाहीत.

“अण्णा, गेला बघा शेवटी,” ती सुबरावअण्णांना म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. “बरं झालं,” म्हणाले, आणि त्यानंतर सुटेपर्यंत त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

तिनं सही केली. दिग्विजयनं पेढे मागवले, कायम नोकरीचं पत्र हातात दिलं आणि पाकिटाचा नवा नमुना दाखवला. चुलीपुढल्या मुलीच्या पायाशी आता लिहिलं होतं, ‘पूर्णिमाताईंनी पारखलेला’. छापून तयारच होता. “आता तुम्ही आपल्या घरच्या झालात,” तो म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता.

पेढ्यांच्या गडबडीत उशीर झाला. खोलीवर जायची गरजही वाटली नाही. वासच नाही तर अंघोळ कशाची? ती फाटकातून थेट स्टँडवर गेली आणि अंगावरच्या साडीनिशी एस्टीत बसली. शेजारची बाई थोड्या वेळानं उठून मागच्या सीटवर गेली. खिडकीचं ऊन लागत असेल, पूर्णिमाला वाटलं.

मंजुश्री नेहमीसारखी दाराकडं धावत आली आणि दोन पावलांवर थांबली. तिनं नाक दाबलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. नुसती मागं सरकली, एखादी अनोळखी बाई घरात आल्यासारखी.

“आई, तुला कसला तरी वास येतोय.”

पूर्णिमानं पदर नाकाला लावला. हळद, थोडे धणे. “मसाल्याचा असेल गं.”

“नाही. दुसराच.” पोरगी ओमकारच्या मागं गेली. ओमकार म्हणाला, “जरा येतोय खरा. तंबाखूचा.”

पूर्णिमा तशीच उंबऱ्याशी उभी राहिली. मग तिनं फोन काढला. दिग्विजयला लावला.

“ट्रक थांबवा. वास गेलेला नाही. माझं नाक गेलंय.”

दिग्विजय म्हणाला, “ट्रक हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून गेला, मॅडम.”

“मग मागं बोलवा. माझी सही रद्द करा.”

“मॅडम, आधी पाच जण म्हणत होते वास नाही. आता तुम्ही सहाव्या. सहाच्या सहा जण म्हणतात वास नाही. मग आहे म्हणतंय कोण?”

“माझी मुलगी.”

“ती आपल्या कंपनीत नाही,” दिग्विजय म्हणाला. तो चिडला नव्हता, थकला होता.

तिनं सोमवारी राजीनामा पाठवला. पुढच्या आठवड्यात कंपनीची जाहिरात आली, तिनं अर्ज केला होता तेव्हाचीच, शब्दन् शब्द तीच, ‘पारखी पाहिजे, निपाणीबाहेरील उमेदवारास प्राधान्य, तीन महिने कंत्राट’. ती वाचून पूर्णिमाला कळलं की आपण पहिल्या नव्हतो. दिग्विजयला सगळं ठाऊक होतं आणि त्यानं त्यावर तोडगाही काढला होता. नाक झिजलं की नवं आणायचं, जसा गाळणीचा कपडा बदलतात.

ती घरीच राहिली. रोज शिकेकाईनं केस धुतले, साड्या उन्हात घातल्या, कारखान्यातले कपडे जाळले. वास गेला नाही. उलट तो घरात पसरत चालला होता, असं मंजुश्री सांगायची. आधी उशीला, मग पडद्यांना, मग भातालाही. पोरगी बाल्कनीत अभ्यासाला बसायची आणि रात्री बाबाजवळ झोपायची. पूर्णिमा रोज सकाळी विचारायची, “येतोय?” पोरगी मान खाली घालून म्हणायची, “येतोय.” ते उत्तर तिला टोचायचं, आणि तरीही त्याचाच आधार वाटायचा. घरात निदान एकाला तरी कळत होतं. ओमकारला विचारून उपयोग नव्हता. तो दहा दिवसांतच म्हणाला होता, “आता नाही येत गं,” आणि तो खरं बोलत होता.

एका रविवारी सकाळी पूर्णिमा भाजी निवडत बसली होती. मंजुश्री आली आणि न विचारता तिच्या मांडीवर आडवी झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तिनं आईच्या मानेत तोंड खुपसलं, लांब श्वास घेतला.

“आई, आता वास गेला.”

पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पोरीला घट्ट धरलं, तिच्या डोक्यावर नाक टेकलं आणि खोल श्वास घेतला. पोरीच्या केसांचा, तेलाचा, घामाचा, कसलाच वास आला नाही.

दार वाजलं. गॅसचा सिलिंडर घेऊन कंग्राळीचा भरमू आला होता, महिन्या-दीड महिन्यानं येणारा. पूर्णिमा पोरीला कडेवर घेऊनच दार उघडायला गेली, इतकी मोठी पोर. भरमूनं सिलिंडर उंबऱ्याच्या आत टेकवला आणि खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावला.

“आक्का, घरात तंबाखू साठवलाय काय?” तो म्हणाला. “दम कोंडतोय की हितं.”

मंजुश्रीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, मग आईकडं.

“आई, हे काय म्हणतायत? कुठाय वास?”